तक्त्यावर न सापडणारी धूसरता

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



डोळ्यांच्या दवाखान्यात एक तक्रार रोज ऐकू येते. "सकाळी ठीक असतं. दुपारनंतर अक्षरं पुसट होतात. डोळे मिचकावले की क्षणभर स्वच्छ दिसतं, मग पुन्हा तेच." तक्रार करणारा कधी संगणकावर हिशेब ठेवणारा कारकून असतो, कधी उत्तरपत्रिका तपासणारी शिक्षिका, कधी रात्रपाळीचा ट्रकचालक. त्याला तक्त्यासमोर बसवतात. एक डोळा झाकून तो सगळ्यांत खालची ओळ वाचून दाखवतो. कागदावर नोंद होते : सहा बाय सहा. नजर उत्तम! मग त्याला सांगितले जाते की नंबर नाही, ताण कमी करा, झोप घ्या. काही वेळा पाव नंबरचा चष्मा हातात पडतो आणि महिनाभरात तो कपाटात जातो.

या माणसाची तक्रार खरी असते आणि तक्त्याची नोंदही खरी असते. हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने 1862 मध्ये उत्रेख्तमध्ये हा तक्ता तयार केला. डोळा एका क्षणी जास्तीत जास्त किती बारीक पाहू शकतो, हे मोजण्यासाठी त्याच्याइतके सोपे साधन आजही दुसरे नाही. पण तक्त्यासमोर बसलेला माणूस हव्या तितक्या वेळा पापण्या मिटू शकतो, जोर लावून पाहू शकतो, अक्षर ओळखता येईपर्यंत थांबू शकतो. कामावर त्याला ही सवलत नसते. तिथे ओळीमागून ओळ वाचायची असते, समोरून येणाऱ्या गाडीचा अंदाज घ्यायचा असतो, सुईत दोरा ओवायचा असतो. दृष्टी तासन्‌तास टिकवावी लागते, आणि ती टिकवणारे पटल अश्रूंचे असते. ते वेळेआधी फाटले की नजर डळमळते. म्हणून कोरड्या डोळ्यांचा आजार चुरचुर आणि लालीपुरता मानता येणार नाही. तो दृष्टीचा आजार आहे आणि दृष्टीचा आजार म्हणूनच त्याची तपासणी व्हायला हवी, एवढे एकच म्हणणे आज सविस्तर मांडायचे आहे.

अश्रूंचा आणि स्पष्ट दिसण्याचा संबंध काय, हे गावाकडच्या विहिरीत पोहलेल्या कोणालाही अनुभवाने ठाऊक असते. पाण्याखाली डोळे उघडले की हातभरावरची पायरीही ओळखू येत नाही. डोळा तोच, भिंगही तेच, मग अडते कुठे? प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. डोळ्यावर पडणारा प्रकाश पहिल्यांदा वाकतो तो हवा आणि अश्रू यांच्या सीमेवर. हवेचा वक्रीभवनांक जवळपास 1, अश्रूंचा सुमारे 1.336. फरक मोठा, म्हणून वाकणेही मोठे. डोळ्याची एकूण शक्ती साधारण 60 डायोप्टर. त्यातली सुमारे 43 डायोप्टर या पुढच्या पृष्ठभागावर, म्हणजे अश्रूंचे पटल आणि त्याखालचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, यांच्याकडे असते. पाण्यात डोळा उघडला की हवेची सीमाच नाहीशी होते आणि ही शक्ती जवळजवळ संपते.

थॉमस यंग या इंग्रज वैद्याने हीच गोष्ट प्रयोगासाठी वापरली. तेव्हा तो अवघा 27 वर्षांचा होता. दूरचे पाहता पाहता डोळा जवळचे कसे पाहू लागतो, हा त्या काळातला मोठा प्रश्न होता. काहींच्या मते त्या वेळी कॉर्नियाचा फुगवटा बदलत असावा. यंगने एका लहान सूक्ष्मदर्शकाचे भिंग काढले, त्याच्या खोबणीच्या कडा मेणाने बुजवल्या, आत थंड पाणी भरले आणि ते स्वतःच्या डोळ्याला असे लावले की कॉर्निया पाण्यात बुडावा. कॉर्नियाची शक्ती गेली, तिची भरपाई भिंगाने केली, आणि तरीही जवळ-दूर पाहण्याची क्षमता शाबूत राहिली. म्हणजे फोकस बदलणारे यंत्र आत, डोळ्याच्या स्वतःच्या भिंगात होते. नोव्हेंबर 1800 मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्याने हे मांडले. दृष्टीचे दोन भाग त्या प्रयोगात वेगळे झाले : पुढचा, मोठ्या शक्तीचा पण स्थिर पृष्ठभाग, आणि मागचे, कमी शक्तीचे पण लवचीक भिंग. पुढचा भाग स्थिर राहतो हे मात्र गृहीतच धरले गेले. निरोगी डोळ्यात तो स्थिर राहतोही. कोरड्या डोळ्यात राहत नाही.

हे पटल किती जाड असते? आजच्या मोजणीप्रमाणे सुमारे 3 मायक्रोमीटर. डोक्याच्या केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला साधारण एक. एका डोळ्यावर अश्रू असतात ते जेमतेम 7 मायक्रोलिटर. बाटलीतून पडणारा औषधाचा एक थेंब याच्या चार-पाच पट तरी मोठा असतो, म्हणूनच त्यातला बराचसा गालावर ओघळतो.

इतक्या पातळ पटलाचीही रचना आहे. कॉर्नियाला लागून म्युसिन नावाचा चिकट पदार्थ असतो. तो डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या नाजूक आवरणातल्या पेशी तयार करतात. कॉर्निया मुळात पाणी झटकणारा असतो, म्युसिनमुळे पाणी त्यावर पसरून राहते. मधला मोठा भाग पाणी, क्षार आणि प्रथिनांचा असून तो अश्रुग्रंथींतून येतो. त्यातल्या लायसोझाइम या जंतुनाशक द्रव्याचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनच्या काही वर्षे आधी लावला. 1922 मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला, आणि प्रयोगांना लागणारे अश्रू गोळा करण्यासाठी तो सहकाऱ्यांच्या व स्वतःच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळत असे. सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ थर. हे तेल पापण्यांच्या कडेवर ओळीने उघडणाऱ्या ग्रंथींतून येते. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने 1666 मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. वरच्या पापणीत पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत वीस ते तीस. तेलाचा थर बाष्पीभवन रोखतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो. आज कोरड्या डोळ्यांच्या बहुसंख्य रुग्णांत बिघाड याच ग्रंथींत सापडतो. तेल दाट होते, तोंडे बुजतात आणि पुरेसे पाणी असूनही ते उडून जाते.

दर वेळी पापणी लवते तेव्हा हे पटल नव्याने पसरते. पापणी उघडल्यावर तेल वर सरकते, पृष्ठभाग सपाट होतो, आणि त्यानंतरचे काही सेकंद डोळ्याला उत्तम दिसते. मग पटल कुठेतरी विरळ होऊ लागते आणि फाटते. ते फाटायला किती वेळ लागतो, हे मोजण्याची साधी रीत डेन्मार्कचे नेत्रतज्ज्ञ मोगेन्स नॉर्न यांनी 1969 मध्ये सांगितली. अडोल्फ फॉन बायर या रसायनशास्त्रज्ञाने 1871 मध्ये तयार केलेला फ्लुओरेसिन हा पिवळा-नारिंगी रंग कागदी पट्टीवर असतो. पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवायची, रुग्णाला दोन-तीनदा डोळे मिटायला सांगायचे आणि मग उघडे ठेवायला लावायचे. निळ्या प्रकाशात अश्रूंचे पटल हिरवे चमकते. त्यात पहिला काळा डाग उमटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. दहा सेकंदांहून कमी असतील तर संशय घ्यायचा, पाच किंवा त्याहून कमी असतील तर पटल निश्चितच अस्थिर.

आता या सेकंदांचा हिशेब पापण्यांशी लावून पाहू. जपानच्या काझुओ त्सुबोता आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1993 मध्ये कार्यालयात काम करणाऱ्या 104 माणसांच्या पापण्यांचे लवणे मोजले. निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी 22 वेळा, पुस्तक वाचताना 10 वेळा, संगणकाच्या पडद्यासमोर 7 वेळा. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. पुस्तक वाचताना नजर खाली असते, त्यामुळे डोळ्याचा उघडा भाग निवांत अवस्थेच्या जवळपास निम्मा होतो. पडदा समोर असला की डोळा सताड उघडा. म्हणजे पडद्यासमोर बाष्पीभवनाला जागा जास्त आणि पटल सावरण्याच्या संधी कमी.

मिनिटाला सात वेळा, म्हणजे दोन मिटण्यांमध्ये साधारण साडेआठ सेकंद. ज्याचे पटल चार सेकंदांत फाटते, तो माणूस कामाच्या वेळेतला निम्मा काळ फाटलेल्या पृष्ठभागातून पाहत असतो. त्यात एकाग्रतेने पाहताना पुष्कळ वेळा पापणी अर्धवटच मिटते. वरची कड खालच्या कडेला टेकतच नाही, आणि कॉर्नियाचा खालचा पट्टा तसाच उघडा राहतो. तेल बाहेर यायला पापण्यांचा दाब लागतो, तोही मग मिळत नाही.

प्रश्न उरतो तो याचा नजरेवर नेमका काय परिणाम होतो हे सिद्ध कसे करायचे. जपानी संशोधकांनी 2002 मध्ये एक सरळ उपाय केला. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकला, रुग्णाला दहा ते वीस सेकंद पापणी न मिटता डोळा उघडा ठेवायला लावला आणि त्यानंतर नजर मोजली. निरोगी माणसांची नजर फारशी बदलली नाही. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांची मात्र घसरली, आणि नेहमीच्या पद्धतीने मोजले तेव्हा यांच्यापैकी पुष्कळांची नजर चांगलीच भरली होती. या मोजणीला त्यांनी कार्यात्मक दृष्टी म्हटले, म्हणजे काम करताना प्रत्यक्षात मिळणारी दृष्टी. ओसाकातल्या संशोधकांनी दुसऱ्या वाटेने तपास केला. डोळ्यातून परत येणाऱ्या प्रकाशलहरींचा आकार त्यांनी सेकंदासेकंदाला मोजला. निरोगी डोळ्यात पापणी लवल्यानंतर त्या आकारातल्या बिघाडाचा आलेख जवळपास सपाट राहतो. अस्थिर पटलाच्या डोळ्यात तो दर मिटण्यानंतर खाली येतो, मग चढत जातो, पुन्हा मिटले की खाली. आलेखाला करवतीचे दाते येतात. रुग्ण ज्याला "मधूनच पुसट" म्हणतो, ते या दात्यांच्या रूपाने कागदावर उमटते.

ही धूसरता चष्म्याच्या नंबराने का जात नाही, तेही यातून कळते. नंबर म्हणजे संपूर्ण डोळ्याची एकसारखी चूक. ती काचेने भरून काढता येते. अश्रूंचे पटल फाटते तेव्हा पृष्ठभाग जागोजागी खडबडीत होतो, प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि प्रत्येक सेकंदाला वेगळा. प्रकाश विखुरतो. दिवसा अक्षरांच्या कडा मऊ पडतात, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती किरणांचे जाळे पसरते. अशा पृष्ठभागाची दुरुस्ती कोणतीही काच करू शकत नाही.

फोकस करणाऱ्या यंत्रणेवरचा भार हा या साऱ्याचा सर्वांत कमी बोलला गेलेला भाग आहे. जवळचे पाहताना डोळ्यातला सिलियरी स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला धरून ठेवणारे धागे सैल होतात आणि भिंग फुगीर होते. हे किती व्हावे, हे मेंदू ठरवतो, आणि ठरवताना तो मुख्यतः एका खुणेवर विसंबतो : प्रतिमा पुसट आहे का? निरोगी माणसातही हा फोकस दगडासारखा स्थिर नसतो. तो अगदी बारीक थरथरतो, आणि त्याची मेंदूला योग्य बिंदू शोधायला मदत होत असावी. आता प्रतिमा पुसट झाली ती अश्रूंमुळे, पण मेंदूला मिळालेली खूण तीच. स्नायू आकुंचन वाढवून पाहतो, कमी करून पाहतो, उपयोग होत नाही. तेवढ्यात पापणी लवते, प्रतिमा स्वच्छ होते, स्नायू पुन्हा जागेवर येतो. लवकर फाटणाऱ्या पटलाच्या रुग्णांत फोकसची ही थरथर वाढलेली असते, असे जपानी संशोधकांना आढळले आहे. दिवसाअखेर डोळे जड होणे, भुवयांच्या वर दुखणे, वाचून मान वर केली की दूरची पाटी दिसायला क्षणभर वेळ लागणे, या तक्रारींचा एक उगम इथे आहे.

चाळिशीच्या सुमारास ही गुंतागुंत आणखी वाढते. त्या वयात भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे पाहण्याची ताकद कमी होते. त्याच वर्षांत स्त्रियांमध्ये संप्रेरके बदलतात आणि डोळे कोरडे पडू लागतात. दोन्ही एकदम आले की सगळा दोष चाळिशीच्या चष्म्यावर जातो. वेगळे ओळखायची खूण अवघड नाही. कागद दूर धरल्यावर अक्षर स्पष्ट होत असेल, तर ती चाळिशी. कागद हलवला नाही, फक्त डोळे पूर्ण मिटून उघडले आणि अक्षर स्पष्ट झाले, तर दोष अश्रूंच्या पटलात. आणि पापण्या मिटूनही धूसरता जात नसेल, रात्रंदिवस तशीच राहत असेल, अचानक आली असेल, सोबत दुखणे किंवा प्रकाश असह्य होणे असेल, तर कोरडेपणाचे नाव घेऊन घरी थांबायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

वाचनावर होणारा परिणाम मोजलेला आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अभ्यासात लोकांना सलग अर्धा तास मनातल्या मनात वाचायला दिले. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांचा वेग दहा टक्क्यांच्या आसपास कमी भरला. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणाऱ्या मुलामुलींना, न्यायालयातल्या लघुलेखकांना, मुद्रितशोधकांना या टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

वैद्यकशास्त्रालाही ही गोष्ट मान्य करायला वेळ लागला. 1995 मध्ये अमेरिकेत या आजाराची जी व्याख्या ठरली, तिच्यात अश्रूंची कमतरता, बाष्पीभवन, पृष्ठभागाची इजा आणि अस्वस्थता यांचा उल्लेख होता. दिसण्याचा नव्हता. 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या कार्यगटाने व्याख्या बदलली तेव्हा दृष्टीतील बिघाड हे शब्द त्यात आले. 2017 च्या व्याख्येत मज्जातंतूंच्या दोषालाही स्थान मिळाले. ही भर महत्त्वाची होती, कारण या आजारातले एक कोडे मज्जातंतूंशिवाय सुटत नाही.

"डोळ्यांतून सारखं पाणी येतं, आणि तुम्ही म्हणता डोळे कोरडे!" हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरने ऐकलेला असतो. कॉर्नियात मज्जातंतूंची दाटी शरीरातल्या कोणत्याही त्वचेपेक्षा कितीतरी जास्त असते. पटल विरळ झाले, बाष्पीभवनाने पृष्ठभाग जरासा थंड पडला, क्षारांचे प्रमाण वाढले, की हे तंतू मेंदूला कळवतात आणि मोठी अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. पण त्या पाण्यात तेल आणि म्युसिन पुरेसे नसतात, म्हणून ते गालावर वाहून जाते आणि डोळा पुन्हा कोरडा. मोटारसायकलवरून जाताना, पंख्याच्या झोतात, टीव्हीसमोर डोळे वाहणाऱ्या कित्येकांचे निदान या एका वाक्यात दडलेले असते.

काही रुग्णांत मात्र पाणीच कमी असते. ओट्टो शिर्मर यांनी 1903 मध्ये सांगितलेली चाचणी अश्रूंचे प्रमाण मोजते. 35 मिलिमीटर लांबीची गाळणकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहायचे. पाच मिलिमीटरही भिजली नाही तर कमतरता गंभीर. अशा रुग्णांकडे बारकाईने पाहणारे स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन. 1933 च्या प्रबंधात त्यांनी 19 स्त्रियांची नोंद केली. डोळे कोरडे, तोंड कोरडे, आणि त्यांतल्या 13 जणींना सांधेदुखी. डोळ्यांचा आजार सर्वांगाच्या आजाराची पहिली खूण असू शकतो, हे त्यांनी दाखवले. प्रबंधाला अध्यापक होण्याइतका दर्जा मिळाला नाही. ते एका लहान शहराच्या रुग्णालयात काम करत राहिले. 1943 मध्ये प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद ऑस्ट्रेलियात झाल्यावर जगाने त्यांच्या कामाची दखल घेतली. आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे नऊ पटींनी अधिक आढळतो. कोरडा घास गिळताना सारखे पाणी लागते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते आणि बोटांचे सांधे सकाळी आखडतात, असे घरातली बाई सांगत असेल, तर तिला वयाचे कारण देऊन गप्प बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

आपल्या देशात डोळ्यांच्या कोरडेपणाचा इतिहास भुकेशी जोडलेला आहे. अ जीवनसत्त्व मिळाले नाही तर म्युसिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, आधी रातांधळेपणा येतो, मग डोळ्याच्या पांढऱ्यावर फेसासारखे ठिपके, आणि शेवटी कॉर्निया विरघळून मूल कायमचे आंधळे होते. हे थांबवण्यासाठी 1970 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि लहान मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटची मात्रा तोंडावाटे देण्याची पद्धत आली. आजही अंगणवाडीत ती दिली जाते. दुसरे मोठे कारण खुपरी. तिच्या वारंवार होणाऱ्या संसर्गाने पापण्यांच्या आत व्रण पडत, ग्रंथी नष्ट होत. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपरीचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केले. ही दोन्ही कामे हजारो परिचारिका, आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या कष्टांनी झालेली आहेत.

जुनी कारणे मागे हटत असताना नवी पुढे आली. वातानुकूलित कार्यालय, पडदा, कॉन्टॅक्ट लेन्स, लेसरने नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया, जिच्यात कॉर्नियाचे मज्जातंतू कापले जातात. सर्दी-अॅलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या, मुरमांवरचे आयसोट्रेटिनॉइन. मधुमेह. काचबिंदूचे थेंब, जे वर्षानुवर्षे घ्यावे लागतात आणि ज्यांतले बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक पृष्ठभागाला सोसत नाही. चुलीचा धूर अजून पूर्ण गेलेला नाही. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, हवेत ओलावा उरत नाही, आणि उन्हात काम करणाऱ्याच्या डोळ्यावरचे ते 3 मायक्रोमीटर वाऱ्यावर असते.

उपचारांबद्दल बोलताना आधी मोहांबद्दल बोलले पाहिजे. डोळा लाल झाला की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे थेंब दोन दिवसांत आराम देतात. तेच थेंब महिनोन्‌महिने चालू राहिले तर काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. गुलाबपाणी, मध, एरंडेल यांपैकी काहीही निर्जंतुक नसते, म्हणून डोळ्यात घालू नये. काजळ पापणीच्या कडेवर, नेमके तेलग्रंथींच्या तोंडांवर बसते. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनी पडद्यामुळे येणारा ताण कमी होतो, असे कॉक्रन या संस्थेच्या 2023 मधल्या वैद्यकीय आढाव्यात दिसले नाही. माशाच्या तेलाच्या गोळ्यांची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, वर्षभर रोज 3 ग्रॅम ओमेगा-3 दिले गेले, आणि 2018 मध्ये निकाल आला : ऑलिव्ह तेल घेतलेल्या गटापेक्षा फायदा अधिक नाही.

उपयोग होतो तो साध्या आणि चिकाटीच्या गोष्टींचा. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे धरायचा. तो थंड होतो, म्हणून पुन्हा पुन्हा गरम करायचा, कारण घट्ट झालेले तेल पातळ व्हायला पापणीला 40 अंशांच्या आसपास ऊब मिळावी लागते. मग कडेच्या दिशेने हलका दाब. पडदा नजरेच्या पातळीखाली ठेवायचा, पंख्याचा आणि एसीचा झोत तोंडावर घ्यायचा नाही. अधूनमधून दूर पाहणे चांगले, त्यासोबत पापण्या पूर्ण मिटण्याची सवय हवी. कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील तर परिरक्षक नसलेले घ्यावेत. एवढ्याने भागत नसेल तर पुढची साधने आहेत : दाह शमवणारे सायक्लोस्पोरिन, ज्याच्या थेंबांना अमेरिकेत 2002 मध्ये मान्यता मिळाली, आणि अश्रू वाहून नेणारी छिद्रे बंद करणारे बारीक प्लग. हे सगळे हळूहळू काम करते. आठवड्यात गुण आला नाही म्हणून औषध सोडणारे रुग्ण फार, आणि त्यांना आधीच समजावून सांगणारे दवाखाने थोडे.

ज्या एका ठिकाणी या आजाराकडे दुर्लक्ष सर्वांत महाग पडते, ते म्हणजे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. बसवायच्या भिंगाची शक्ती ठरवताना डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा फुगवटा मोजतात. यंत्र फुगवटा मोजते तो अश्रूंवरून परतलेल्या प्रकाशाने. पटल फाटलेले असेल तर त्याच डोळ्याची दोन मोजमापे वेगवेगळी येतात, आणि त्यांतला एक डायोप्टरचा फरक निवडलेल्या भिंगातही जवळपास तेवढाच उतरतो. भिंग बसले की बसले. उत्तम शस्त्रक्रिया होऊनही नजर मनासारखी नाही, अशी खंत घेऊन जगणाऱ्या काही ज्येष्ठांच्या बाबतीत चूक टाक्याची नसते, मोजमापाच्या वेळच्या कोरड्या डोळ्याची असते. मोजमाप डोळ्यात कोणताही थेंब टाकण्याआधी घ्यावे आणि पटल अस्थिर असेल तर काही आठवडे आधी त्यावर उपचार करावेत, हे नेत्रतज्ज्ञांना ठाऊक आहे. गर्दीच्या शिबिरात ते गळून जाते.

म्हणून मागणी अगदी ठोस आहे. मोतीबिंदूच्या प्रत्येक शिबिरात भिंगाचे माप घेण्याआधी रुग्णाला दोन प्रश्न विचारले जावेत : दिसणे दिवसभरात कमी-जास्त होते का, आणि डोळे मिटून उघडल्यावर सुधारते का? माप घेऊन झाल्यावर फ्लुओरेसिनची पट्टी, निळा प्रकाश आणि सेकंदकाटा वापरून पटल फाटण्याचा वेळ नोंदवला जावा. तो पाच सेकंदांच्या आत असेल तर त्या दिवशीचे माप अंतिम मानू नये. चष्म्याच्या दुकानात नंबर काढतानाही हेच दोन प्रश्न विचारता येतात. एसटीच्या आणि मालवाहतुकीच्या चालकांची नजर ठराविक काळाने तपासली जाते, तिथेही ते विचारले जावेत. पट्टी स्वस्त आहे, तपासणीला दोन मिनिटे पुरतात आणि ती दृष्टिमापनतज्ज्ञही करू शकतात. शिबिरे भरवणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते या सभागृहात बसलेले आहेत. येत्या हंगामातल्या पहिल्याच शिबिराच्या केसपेपरवर या नोंदीसाठी एक रकाना छापून घ्यावा, ही त्यांना विनंती.